जुना आणि नवा चित्रपट जोडीने: नव्वद खुर्च्या, सहा महिने. क्रम आणि तांत्रिक तयारी सुचवा

ओसरी

तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नव्वद खुर्च्यांचं सभागृह आहे. जूनपासून सहा महिने, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक जुना आणि रविवारी त्याच्या जोडीचा त्यामानाने नवा मराठी चित्रपट दाखवायचा, असं ठरतंय. फक्त वर्गणीदार सभासदांसाठी.

डोक्यातल्या जोड्या अशा: फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा (१९१३) शिल्लक भाग आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'विहीर' (२००९). 'कुंकू' (१९३७) आणि 'उंबरठा' (१९८२). 'श्यामची आई' (१९५३) आणि 'फँड्री' (२०१३). 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१) आणि 'कोर्ट' (२०१४). 'सामना' (१९७४) आणि 'देऊळ' (२०११).

माझं ठाम मत असं की जुन्या चित्रपटातून लोक पंधराव्या मिनिटाला उठून जातात त्याला बहुतेक वेळा दाखवणारे जबाबदार असतात. चित्र आडवं ताणलेलं, आवाज घुमणारा, वेग चुकलेला, वर दारातून ट्यूबलाइटचा उजेड. अशा अवस्थेत 'कुंकू' काय आणि दुसरं काय, कुणाच्या मनाला भिडणार?

सामान: पडदा ४ मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच, प्रोजेक्टर फुल एचडी, ३,००० लुमेनचा, दिव्याचा. दोन स्पीकर. तीन प्रश्न आहेत: क्रम हाच ठेवावा का? प्रती कुठून आणि कोणत्या स्वरूपात घ्याव्यात? पहिल्या खेळाआधी काय काय तपासावं?

रिळवाला

मताशी शंभर टक्के सहमत. तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळं तिथेच बिघडतं.

प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटांची चौकट (रुंदी : उंची) १.३७ : १ आहे. तुमच्या पडद्याची १.७८. म्हणजे सव्वादोन मीटर उंचीत 'संत तुकाराम'चं चित्र ३.०८ मीटर रुंद बसणार आणि दोन्ही बाजूंना साधारण ४६ सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या राहणार. त्या राहू द्यायच्या. 'पडदा रिकामा दिसतोय' म्हणून कुणीतरी रिमोट घेतो, 'फुल' नाहीतर 'वाइड' दाबतो आणि सगळी माणसं तीस टक्के रुंद होतात. तुकाराम झालेल्या पागनीसांचा चेहरा ताटासारखा दिसायला लागतो.

तपासणी सोपी आहे. वर्तुळ असलेलं टेस्ट चित्र लावा आणि टेपने आडवं-उभं मोजा. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. हे प्लेअर, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर तिन्हींच्या मेनूत तपासा, कारण एकाने ताणलेलं दुसऱ्याने दाबलं की वरवर बरोबर वाटतं आणि दुसरी फाइल लावली की पुन्हा बिघडतं. प्रोजेक्टरमधलं ओव्हरस्कॅन शून्य करा, नाहीतर कडेची दोन-तीन टक्के चौकट कापली जाते आणि खालची सबटायटल अर्धी होतात. 'मोशन स्मूदिंग' किंवा 'फ्रेम इंटरपोलेशन' नावाचं काहीही असेल ते बंद. त्याने जुना चित्रपट दूरदर्शनच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

आणि त्या काळ्या पट्ट्यांवर खरं काळं कापड येऊ द्या. पडद्याच्या दोन्ही बाजूंना तारेवर सरकणारे काळ्या मखमलीचे किंवा फेल्टचे पडदे लावले की चित्राची कड धारदार दिसते. प्रोजेक्टरचा काळा हा प्रत्यक्षात करडा असतो, तो मखमलीत गडप होतो.

उजेडमाप

@ओसरी, प्रकाशाचा हिशेब. थिएटरसाठी पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लँबर्ट, म्हणजे ४८ निट, हे प्रमाण आहे. तुमचा पडदा ९ चौरस मीटर, म्हणजे साधारण ९७ चौरस फूट. साध्या पांढऱ्या मॅट पडद्यावर ९७ गुणिले १४, जवळजवळ १,३६० लुमेन लागतात. तुमच्याकडे ३,००० आहेत, म्हणजे भरपूर. म्हणून 'डायनॅमिक' किंवा 'ब्राइट' मोड वापरू नका. 'सिनेमा' मोडमध्ये उजेड बराच उतरतो, पण रंगाचं तापमान जागेवर येतं. ब्राइट मोडमध्ये कृष्णधवल चित्र हिरवट दिसतं.

एक मात्र आहे. दिव्यावर जे तास लिहिलेले असतात ते उजेड निम्मा होईपर्यंतचे. दिवा अर्ध्याहून जास्त वापरला गेला असेल तर सिनेमा मोडमध्ये जेमतेम पुरेल. मेनूत 'लॅम्प अवर्स' बघून इथे सांगा.

आडवी-उभी कीस्टोन दुरुस्ती (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणं) डिजिटल असेल तर टाळा, पिक्सेल वाया जातात आणि रेषा दातेरी होतात. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यरेषेवरच ठेवा. थ्रो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर ४ मीटर रुंदीसाठी ६ मीटर अंतर.

तिसरी_घंटा

मध्यंतर ठेवणार ना? खाली वडापाववाला उभा असेल, त्याचाही विचार व्हावा. :)

पाणवठा

मध्यंतराला माझा विरोध. 'कोर्ट'सारख्या चित्रपटात कॅमेरा एका जागी उभा राहतो, दृश्य संपलं असं वाटल्यावरही थांबतो. त्या थांबण्यात प्रेक्षक हळूहळू शिरतो. मधेच दिवे लावले की पंधरा मिनिटांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

रिळवाला

@पाणवठा, नव्यांसाठी मान्य. 'कुंकू'ला मात्र मध्यंतर हवं. चित्रपट अडीच तासांच्या आसपास, खुर्च्या वाचनालयाच्या.

कुठे थांबायचं ते आधी ठरवून वेळ लिहून ठेवा. जुन्या प्रतींवर एक खूण मिळते: वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका चमकतो आणि साधारण सात सेकंदांनी पुन्हा चमकतो. पहिला दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करण्यासाठी, दुसरा बदल करण्यासाठी. त्यानंतर एका सेकंदात रीळ संपतं. रीळ शक्यतो दृश्य संपतं तिथेच तोडलेलं असायचं, त्यामुळे मध्यंतरासाठी ती जागा उत्तम. स्वच्छ केलेल्या प्रतींत ठिपके पुसलेले असू शकतात, मग डोळ्यांनीच शोधा. नुसतं 'पॉझ' दाबून पडद्यावर गोठलेला चेहरा ठेवू नका. आधी आवाज हळूहळू खाली, मग लेन्ससमोर पुठ्ठा, मग दिवे.

कायदेपंडित

दुसऱ्या प्रश्नाकडे. चित्रपटावरचा स्वामित्वहक्क आपल्याकडे प्रदर्शनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं असतो (१९५७चा कायदा, कलम २६). म्हणजे १९६५ साली आलेल्या चित्रपटाचा हक्क २०२५ अखेर संपतो. या हिशेबाने 'संत तुकाराम', 'कुंकू' आणि 'श्यामची आई' मोकळे आहेत. पण दोन गोष्टी विसरू नका. पटकथा, मूळ पुस्तक आणि गीतं यांचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वेगळे चालतात. आणि चांगली प्रत ज्याच्याकडे आहे तो ती करार करूनच देतो, मग हक्क संपलेला असो वा नसो.

१९७१पासून पुढचे सगळे हक्कात आहेत. निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी लागणार. दुकानातली डिस्क घरगुती वापरासाठी असते आणि ओटीटीच्या खात्याच्या अटींत सभागृहातला खेळ बसत नाही. पत्रात तारीख, खेळांची संख्या, आसनसंख्या आणि तिकीट आहे की वर्गणी, हे चार मुद्दे स्पष्ट लिहा. उत्तर लवकर येतं.

संस्था नोंदणीकृत आहे ना? नसेल तर आधी ती करा. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचं (स्थापना १९५९, पहिले अध्यक्ष सत्यजित राय) सभासदत्व नोंदणीकृत संस्थेला मिळतं, आणि चित्रपट मिळवायला त्याची मोठी मदत होते.

प्रभातफेरी

प्रतीबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट. प्रभात बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोनदा चित्रित करत असे. 'कुंकू'चं हिंदी रूप 'दुनिया न माने', 'माणूस'चं 'आदमी'. हे डबिंग नव्हे, संवाद पुन्हा बोलून केलेलं वेगळं चित्रण आहे. मागणीपत्रात 'मराठी आवृत्ती' असं ठळक लिहा आणि फाइल आली की पहिली दहा मिनिटं लावून बघा. नावावरून हिंदी प्रत पाठवली जाणं अगदी सहज होतं.

प्रतीसाठी पहिलं दार पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४), आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली. पी. के. नायर यांनी तिथे गोळा केलं नसतं तर आज या धाग्यातली निम्मी यादी नुसती नावंच राहिली असती. फाळक्यांच्या चित्रपटाची शिल्लक रिळंही तिथलीच.

झांजपथक

आवाजावर कुणीच बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९५३पर्यंतच्या तुमच्या सगळ्या बोलपटांचा आवाज मोनो आहे. तो दोन बाजूंच्या दोन स्पीकरमधून सोडला की मधल्या चार-पाच खुर्च्या सोडून सगळ्यांना शब्द पुसट ऐकू येतात. एकच स्पीकर पडद्याच्या मध्याखाली ठेवा, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडा वर आणि किंचित वर कललेला. अँप्लिफायरवर 'हॉल', 'स्टेडियम', 'सराउंड' असे मोड असतील तर बंद. ऑप्टिकल साउंडट्रॅकमध्ये (फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीत) आठ हजार हर्ट्झच्या वर कामाचं जवळपास काही नसतं, फक्त खरखर असते. तेवढा ट्रेबल उतरवा. त्याखाली मात्र हात लावू नका, नाहीतर 'स', 'श', 'च' एकमेकांत मिसळतात.

सभागृह रिकामं असताना मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे खणखणीत शेपूट ऐकू आलं तर मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या किंवा घोंगड्या टांगा. बाजूच्या भिंतींपेक्षा मागची आधी. माणसं भरल्यावर घुमणं कमी होतं आणि आवाजही दबतो, त्यामुळे रिकाम्या खोलीत ठरवलेला आवाज खेळाच्या वेळी एखादं घर वाढवावा लागतो.

'कुंकू'साठी हे सगळं दुप्पट महत्त्वाचं. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत घातलेलंच नाही. जे ऐकू येतं ते घरातलं: भांडी, पावलं, ग्रामोफोन. वर पंखा घरघरत असेल तर चित्रपटाचा निम्मा आशय त्या घरघरीखाली जातो. छताचे पंखे एकवर ठेवा, भिंतीवरचे फक्त मागच्या बाजूचे लावा, आणि प्रकाशझोताच्या वाटेतला पंखा पूर्ण बंद, नाहीतर पडद्यावर सावली थरथरते.

ओसरी

खूप खूप आभार. लॅम्प अवर्स ४,००० पैकी १,१५०. प्रोजेक्टर मध्यरेषेवर आहे. 'संत तुकाराम'ची जी प्रत बघायला मिळाली ती २ तास ६ मिनिटांत संपते, कापलेली आहे का?

झांजपथक

कापलेली नसावी. 'संत तुकाराम' १३१ मिनिटांचा आहे. पाल डीव्हीडी (आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची) सेकंदाला पंचवीस फ्रेमने चालते, म्हणजे चोवीसचा चित्रपट चार टक्के भरभर. १३१ भागिले १.०४, बरोबर १२६ मिनिटं.

वेळेपेक्षा सुराचं नुकसान मोठं. पट्टी चढते: पेटीवर पांढरी एक ते काळी एक हे जे अंतर, त्याच्या सात दशांश. अभंग कानाला टोचरे लागतात, बाई-माणसांचे आवाज बारीक. व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.९६ करून वेळ सुधारते, पण तिथे 'टाइम स्ट्रेचिंग ऑडिओ' हा पर्याय मुळात चालू असतो आणि तो पट्टी चढलेलीच ठेवतो. ऑडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन तो काढा, मग सूरही खाली येतो. अर्थात चोवीस फ्रेमची प्रत मिळाली तर तीच घ्या.

उजेडमाप

१,१५० तास म्हणजे उत्तम. सिनेमा मोड, इको (दिवा मंद ठेवणारा मोड) बंद.

वीज जाण्याची तयारी केली आहे का? दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना वीज गेली की पंखा थांबतो, दिवा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही आणि आयुष्यही घटतं. एक केव्हीएचा यूपीएस फक्त प्रोजेक्टर आणि प्लेअरला जोडा. स्पीकर आणि पंखे इन्व्हर्टरवर. यूपीएसवर चहाची किटली लावू देऊ नका.

रिळवाला

फाळक्यांबद्दल वेग समजून घ्या, सगळा कार्यक्रम त्यावर अवलंबून आहे.

पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. मूकपट हाताने फिरवत, साधारण सेकंदाला १६च्या आसपास. म्हणजे एका सेकंदाला एक फूट, तोंडी हिशेब. 'राजा हरिश्चंद्र' मूळ ३,७०० फुटांच्या आसपास: सोळाने तासाभराचा, चोवीसने जेमतेम ४१ मिनिटांचा. पुस्तकांत 'चाळीस मिनिटांचा चित्रपट' लिहिलेलं असतं ते बहुधा बोलपटाच्या वेगाने मोजलेलं. शिल्लक आहे ती पहिली आणि शेवटची रिळं, सुमारे १,४७५ फूट. सोळाने साडेचोवीस मिनिटं होतात. तुमची फाइल साडेसोळा मिनिटांत संपत असेल तर ती दीडपट वेगाने धावते आहे आणि तारामती कळसूत्री बाहुलीसारखी दिसणार. व्हीएलसीत वेग ०.६७ करा, आवाज बंद. लोक हसायचे थांबतात आणि बघायला लागतात.

मूकपटाची चौकटही वेगळी, १.३३. ध्वनिपट्टीची जागा तेव्हा चित्रालाच होती. बोलपटाच्या गेटमधून स्कॅन केलेली प्रत असेल तर डावी कड कापलेली असते, पाट्यांची (पडद्यावर येणाऱ्या लिखित मजकुराची) पहिली अक्षरं गायब. पाटी बघितली की लगेच कळतं.

साडेचोवीस मिनिटांत शनिवार भरणार नाही. जोडीला 'कालिया मर्दन' (१९१९) मागा. तो बराचसा शिल्लक आहे आणि त्यात कृष्ण झालेली मंदाकिनी फाळके ही दादासाहेबांची मुलगी. लहान मुलं तिच्यावर खूश होतात. एक तबला आणि एक पेटी समोर बसवा, आणि पाट्या मोठ्याने वाचायला खणखणीत आवाजाचा एक माणूस. मूकपटांच्या थिएटरांत असा वाचणारा असायचाच.

तिसरी_घंटा

वाचणाऱ्याच्या जागेसाठी माझं नाव लिहून ठेवा!

नेकारकाठ

जर्मनीतून. इकडे पालिकेच्या मदतीवर चालणारी 'कोमुनालेस किनो' नावाची थिएटरं जुनं-नवं असंच मिसळून दाखवतात. त्यांच्या महिन्याच्या पत्रकातली एक सवय उचलण्यासारखी आहे. प्रत्येक चित्रपटाखाली एका ओळीत देश, साल, दिग्दर्शक, मिनिटं, भाषा, सबटायटल कोणत्या भाषेत आणि प्रत कसली (पस्तीस मिलिमीटर की डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीचं डिजिटल पॅकेज) हे छापतात. प्रेक्षकाला काय मिळणार ते आधी कळतं, आणि आयोजकालाही फाइल तपासल्याशिवाय ती ओळ लिहिता येत नाही!

दुसरं, एकच चित्रपट दोनदा, वेगळ्या वारी आणि वेगळ्या वेळी. तुमच्याकडे शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी 'कुंकू' लावला तर घरच्या बायकांना एक तरी वेळ जमेल.

पाणवठा

दोनदा दाखवण्याला माझा जोरदार पाठिंबा. आणि 'कोर्ट' तुमच्या सभागृहात दाखवण्यापेक्षा गावातल्या एकपडदा थिएटरात सकाळच्या खेळाला लावा. मोठा पडदा हवाच त्याला.

सर्व्हरखोली

@पाणवठा, चालेल, पण आधी थिएटरवाल्याला विचारा की त्यांचा सर्व्हर डीसीआय (डिजिटल सिनेमाचं सामाईक प्रमाण) आहे का. बऱ्याच एकपडदा ठिकाणी सर्व्हर-कंपनीचं स्वतःचं स्वरूप चालतं आणि डीसीपीची डिस्क तिथे उघडतच नाही.

डीसीआय असेल तर: डिस्क ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ (लिनक्सच्या) स्वरूपातली असावी. दोन तासांचा चित्रपट दोनशे जीबीच्या घरात जाऊ शकतो, त्यामुळे उतरवायला काही तास धरा, खेळाच्या सकाळी नाही, दोन दिवस आधी. सबटायटल वेगळ्या 'व्हर्जन फाइल'मध्ये असतील तर मूळ पॅकेजही सर्व्हरवर लागतं. एकच उतरवलं तर खेळ लागत नाही, किंवा सबटायटलविना लागतो.

आणि केडीएम, म्हणजे कुलपाची किल्ली. ती त्या एकाच सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर आणि ठरावीक वेळेपुरती बनते. परदेशातून येणाऱ्या किल्लीत वेळ यूटीसीत लिहिलेली असते, आपण साडेपाच तास पुढे. '१२:०० पर्यंत' असं दिसलं तर ती आपल्या संध्याकाळी साडेपाचला संपते आणि सहाचा खेळ अडतो. मधल्या काळात सर्व्हरचा मीडिया ब्लॉक (कुलूप उघडणारा भाग) बदलला असेल तर जुन्या प्रमाणपत्रावरची किल्ली निरुपयोगी. किल्ली आली की त्याच दिवशी पाच मिनिटं खेळ लावून बघा.

शुद्धलेखन

'कोर्ट'मध्ये मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी आणि गुजराती संवाद आहेत. कोर्टातला इंग्रजी भाग तुमच्या प्रेक्षकांपर्यंत पोचायचा असेल तर मराठी सबटायटल लागतील. हक्कधारकाची परवानगी घेऊन एसआरटी (सबटायटलची साधी मजकूर) फाइल करा: यूटीएफ-८ एन्कोडिंग, जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं, पडद्यावर किमान दीड सेकंद. बऱ्याच प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून 'न्यायमूर्ती', 'साक्षीदार', 'प्रतिज्ञापत्र' हे तीन शब्द आधी लावून बघा. 'मूर्ती'वरचा रफार जागेवर बसला तर बाकीचंही बसतं.

सपाट जमिनीवर खुर्च्या आहेत, तर पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान सव्वा मीटर वर. खुर्च्या एकाआड एक सरकवून लावा.

प्रभातफेरी

मूळ प्रश्नावर येऊ, क्रम. फाळक्यांपासून सुरुवात करू नका, ओसरी. सालवार क्रम अभ्यासक्रमाला बरा. नवीन सभासदाला पहिल्याच शनिवारी मूकपट दिला तर तो आदराने बघेल आणि पुढच्या महिन्यात येणार नाही. 'सामना'ने उघडा. निळू फुले आणि डॉ. लागू समोरासमोर बसले की प्रेक्षकाला कसलीच ओळख करून द्यावी लागत नाही. साखर कारखाना, सहकार, गावातली सत्ता, सगळं त्याच्या परिचयाचं. दुसऱ्या दिवशी 'देऊळ'. मग कृष्णधवलाला डोळा सरावला की 'श्यामची आई', मग 'कुंकू'.

'संत तुकाराम'–'विहीर' ही जोडी मला सगळ्यांत आवडली. दोन्हींत एक जण निघून जातो आणि मागे राहिलेल्याचं काय, हा प्रश्न आहे. जिजाई मागे राहते. ती बाजू चर्चेत नक्की काढा.

रिळवाला

असहमत, थोडा. फाळके शेवटी नको, मध्यात. सहा महिन्यांत तिसऱ्या-चौथ्या महिन्याला गर्दी ओसरते. तबला-पेटीचा खेळ तिथे ठेवला तर लोक पाहुण्यांना घेऊन येतात.

ओसरी

सगळं वहीत उतरवलं. क्रम असा करतो: जून 'सामना'–'देऊळ'. जुलै आषाढीचा, म्हणून 'संत तुकाराम'–'विहीर'. ऑगस्ट 'श्यामची आई'–'फँड्री'. सप्टेंबर फाळके, तबला-पेटीसह, आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. ऑक्टोबर 'कुंकू'–'उंबरठा', तोवर पंख्यांची गरज कमी झालेली असेल. नोव्हेंबर 'शांतता!' सभागृहात आणि 'कोर्ट' थिएटरात. जुना चित्रपट रविवारी सकाळी पुन्हा, नवा संध्याकाळी. मध्यंतर फक्त जुन्यांना.

तिसरी_घंटा, सप्टेंबरचा दुसरा शनिवार तुमच्या नावावर.

झांजपथक

ऑक्टोबरची उष्णता धरली का? पंखे तेव्हाही लागतील. 'कुंकू' आणि 'कोर्ट'चे महिने बदला. नोव्हेंबरात 'कुंकू' लावा, पंखे बंद, खिडक्यांना दोन पदरी काळं कापड, आणि ग्रामोफोन मागच्या रांगेपर्यंत ऐकू येईल.

ओसरी

बदलले.